बर्फ न साचलेली जागा : शिशाच्या जुन्या खाणींमधल्या एका हिवाळी वॉकचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण इंग्लंडमधल्या डर्बीशायरचं. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातला चुनखडीचा भाग, ज्याला व्हाइट पीक म्हणतात, तिथे जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तेरा जण चालायला गेलो होतो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे दोन आठवड्यांत त्या दिवसाची गंमत होऊन बसली: ‘काकांची बॅग वाचवली तो वॉक’. मला ती गंमत खटकते. म्हणून चौघापाचजणांना पुन्हा विचारून आणि फोनमधल्या फोटोंच्या वेळा जुळवून सगळा क्रम मांडला आहे.

नावं दिलेली नाहीत. गटात ज्याला जी हाक मारतो तीच इथे ठेवली आहे. ताई म्हणजे त्या दिवशीची लीडर, वय पंचेचाळीसच्या आसपास. दादा म्हणजे सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकलेला पट्टीचा ट्रेकर, इंग्लंडात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. काका अडुसष्ट वर्षांचे, सोबत त्यांची अकरा वर्षांची नात. आणखी एक विद्यार्थी, सडपातळ, उत्साही. मी स्वीपर होतो, म्हणजे सगळ्यांत मागे. जागा नेमकी कुठली हेही सांगत नाही, कारण ते कुणाचं तरी चालतं शेत आहे.

पार्श्वभूमी : ती जमीन

डर्बीशायरमध्ये रोमन काळापासून शिसं काढत आले. चुनखडीतल्या उभ्या भेगांमध्ये गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, भरलेलं असतं. सोबत कॅल्साइट, फ्लोरस्पार, बराइट. अशा उभ्या शिरेला तिथे ‘रेक’ म्हणतात. शीर सरळ धावते, म्हणून तिच्यामागे लागलेली माणसंही सरळ खणत गेली. आज डोंगरावर उभं राहिलं की खड्डे आणि ढिगारे यांची एकच ओळ कुरणांमधून, दगडी बांधांखालून आरपार गेलेली दिसते, जमिनीला कुणी टाके घालावेत तशी.

त्या ओळीत शाफ्ट, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरी, इतक्या दाट का, याचं एक कारण तिथल्या जुन्या खाण-कायद्यात आहे. शीर ‘मीर’ नावाच्या तुकड्यांत वाटली जायची. एक मीर साधारण तीस यार्डांचा. एकाच शिरेवर अनेक छोटे धनी, आणि ज्याला त्याला आपल्या तुकड्यात उतरायला आपली वाट हवी. या हक्कांचे तंटे सोडवणारं बारमोट कोर्ट वर्क्सवर्थ गावात आजही भरतं. तंटा करण्याजोग्या खाणी उरलेल्या नाहीत, पण कोर्ट आहे. इंग्रजांचं असंच असतं.

शेल्डन गावाजवळची मॅगपाय माइन बहुतेकांना माहीत असते. इंजिनघर, धुराडी, दोनशे मीटरहून खोल शाफ्ट. १८३३ मध्ये शेजारच्या रेडसॉइल खाणीशी शिरेवरून वाद पेटला, मॅगपायवाल्यांनी जमिनीखाली आगी लावल्या आणि त्या धुरात रेडसॉइलचे तीन कामगार गुदमरून मेले. अशा ठिकाणी फलक असतात, जाळ्या असतात, लोक फोटो काढून सुखरूप घरी जातात. धोक्याच्या असतात त्या बिननावाच्या विहिरी. काम संपलं की कुणी लाकडाच्या तुळया आडव्या टाकल्या, पुढे कुणी रेल्वेचे जुने स्लीपर टाकले, वर माती लोटली आणि गवत उगवलं. कुठे तोंडावर नुसत्या दगडांचा घुमट रचला. विहिरीच्या वरच्या भागाला चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचं अस्तर असतं. ते ज्या आधारावर बसलेलं असतं तोही अनेकदा लाकडाचाच. लाकूड कुजतं. गवत मात्र दर वर्षी पहिल्यासारखंच हिरवं येतं.

या विहिरी झाकायची जबाबदारी कुणाची? १९५४ च्या ब्रिटिश खाण-कायद्याने बंद खाणीचं तोंड सुरक्षित ठेवायची सक्ती मालकावर घातली, पण ९ ऑगस्ट १८७२ नंतर काम न झालेल्या शिशासारख्या खाणी त्या सक्तीतून वगळल्या. अशा खाणीचं तोंड रस्त्यालगत किंवा लोकांच्या वहिवाटीच्या जागी असेल आणि त्यापासून धोका असेल तरच कायदा लागू होतो. आम्ही गेलो होतो त्या रेकवरचं बरंचसं काम त्याही आधीचं. थोडक्यात, पायवाटेपासून चाळीस मीटरवर कुरणात काय दडलंय हे पाहायला कुणी बांधील असेलच असं नाही.

मंडळी आणि तयारी

ताईने तयारी नीट केली होती, हे आधी सांगतो. एकास पंचवीस हजार प्रमाणाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा, होकायंत्र, जादा हातमोजे, दोन हेडटॉर्च, शिट्टी. वाट बारा किलोमीटरची, चढ २८० मीटर. नेस्मिथच्या नियमाने, म्हणजे पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक, हे तीन तासांच्या आत बसतं. बर्फ, लहान मूल आणि गप्पा धरून तिने पाच तास लावले होते. दहाला निघायचं, तीनला परत. सूर्यास्त सव्वाचारच्या सुमारास, म्हणजे तासभर हाताशी.

प्रत्यक्षात निघालो दहा पन्नासला. एक गाडी बर्फामुळे चढावर अडकली होती. हाताशी ठेवलेला तास गाडीतळावरच गेला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली: निघण्याआधीचं बोलणं. ताई दर वॉकला पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून वाट समजावते. त्या दिवशी ती म्हणाली, “चला, चालता चालता सांगते.” चालता चालता ते पुढच्या चौघांना ऐकू गेलं. ‘रेकवर वाट सोडू नका’ हे वाक्य त्यात होतं. दादाने ते ऐकलं होतं, असं तो स्वतः सांगतो. काका तेव्हा बुटाची नाडी बांधत होते.

जेवायची जागा ठरलेली होती: रेक ओलांडून दीड किलोमीटरवर दगडी गोठा, त्याच्या आडोशाला. पहिली चूक माझ्या मते इथेच आहे, आणि ती त्या दिवशी कुणालाच चूक वाटली नाही. वाटेचा कागद पाहिला तर चालण्याची प्रत्येक पायरी त्यावर आहे: कुठला दरवाजा, कुठला बांध, कुठे डावीकडे. थांबण्याची एकच जागा, आणि ती हुकली तर दुसरी कुठली, हे नाही. वाट मोडतात ती माणसं सहसा थकल्यावर, गारठल्यावर आणि भुकेल्यावर मोडतात. म्हणजे थांबायला हवं असतं तेव्हा.

अडचण

पावणेएकला आम्ही रेकच्या कडेने वर आलो. हवा उणे दोन, वारा समोरून, बर्फ घोट्याइतका, बांधांना टेकून गुडघ्याइतका. नातीचे हातमोजे भिजले होते, ती रडत नव्हती पण बोलायची थांबली होती. मुलं गप्प झाली की मी घाबरतो. ताई मागे येऊन तिला कोरडे मोजे घालत होती. त्यामुळे आमची रांग तुटली: पुढे दादा, काका आणि विद्यार्थी, मध्ये पन्नास-साठ मीटरची पोकळी, मग आम्ही दहा जण.

पुढून दादाची हाक आली: “जागा सापडली! या इकडे!”

वाटेपासून चाळीसेक मीटरवर, ढिगाऱ्यांच्या मध्ये, बशीसारखा एक खळगा होता. आठ-नऊ मीटर रुंद, दीड-दोन मीटर खोल. आजूबाजूला सगळं पांढरं, आणि खळग्याच्या तळाशी गालिचा अंथरावा तसं हिरवं गवत. वारा नाही, बर्फ नाही, बसायला चपटा दगड. दादाचं म्हणणं नंतर असं होतं की सह्याद्रीत वाऱ्यात अशी घळ सापडली की माणूस देवाचे आभार मानतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिकडे खडकातलं टाकं उघडं दिसतं, त्याच्या कडेला पायऱ्या असतात. जमिनीवर गवत असतं तिथे खाली जमीनच असते. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने त्याला जे शिकवलं ते या एका जागी नेमकं उलटं होतं.

ताई खळग्याच्या काठावर आली आणि थांबली. तिने काय पाहिलं ते तिच्याच क्रमाने सांगतो. आधी हिरवळ. बाकी सगळा खळगा बर्फाने भरायला हवा होता, कारण वाऱ्याने लोटलेलं बर्फ खोलगट जागीच साचतं. मग त्या हिरवळीचा आकार: जवळजवळ गोल, कडा वितळल्यासारख्या मऊ. मग काकांच्या मागच्या दोन दगडांमध्ये उगवलेला नेचा, लांब पानांचा, टवटवीत, जानेवारीत. आणि शेवटी त्याच दगडांमधून वर येणारी पातळ वाफ.

जमिनीखाली खोल तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं, तिकडे साधारण आठ-नऊ अंश. बाहेर उणे दोन असताना आतली हवा उबदार, ओलसर आणि हलकी ठरते, आणि धुराड्यातून चढावी तशी मिळेल त्या फटीतून वर येते. ती वरचं बर्फ वितळवते. गुहा शोधणारी मंडळी हिवाळ्यात मुद्दाम अशाच वितळलेल्या जागा हुडकत फिरतात. आम्ही जेवायला हुडकली होती.

तळाशी, हिरवळीच्या मधोमध, चपट्या दगडावर काका बसले होते. बॅग पायाशी. दादा उतारावर, विद्यार्थी समोरच्या कडेला उभा राहून फोटो काढत होता.

पर्याय

ताईच्या डोक्यात तेव्हा जे आलं ते तिने नंतर मला सांगितलं. सगळं मिळून वीसेक सेकंदांत.

‘धावा, बाहेर या’ असं ओरडावं हा पहिला विचार. तो तिने लगेच सोडला. घाईने उठणारा माणूस एका पायावर सगळं वजन टाकतो, उडी मारतो, तोल गेला तर आपटतो. कुजलेल्या झाकणाला नको असतं ते नेमकं हेच. ते किती वर्षं टिकलंय माहीत नाही, आणखी दोन मिनिटं टिकेल अशी आशा धरून हलकेच निघणं बरं.

दुसरा, तसंच बसू द्यावं, दहा मिनिटांत खाऊन उठतील. हसू नका. काठावरच्या दोघांनी हे मोठ्याने सुचवलं होतं. इतकी वर्षं गाईगुरं चरतायत, काही होत असतं तर झालं असतं, असा युक्तिवाद. त्यात एक खोच आहे: गाय त्या जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

तिसरा, आत्ताच ९९९ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन. तिथे पोलिसांना विचारून माउंटन रेस्क्यू मागायची पद्धत आहे, आणि डर्बीशायरला गुहा-खाणींसाठी वेगळं बचाव पथकही आहे. फोनला एक काडी रेंज होती. ताईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काही झालं तर लगेच लाव. आत कुणी उतरायचं नाही, काहीही झालं तरी.” हे दुसरं वाक्य मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जुन्या विहिरीत हवा विषारी किंवा प्राणवायू कमी असलेली असू शकते, आणि पडलेल्याच्या मागे उतरणारा हा दुसरा बळी ठरतो.

चौथा पर्याय निवडला: एकेक जण, सावकाश, आला त्याच पावलांवरून बाहेर.

काय केलं

विद्यार्थी कडेलाच होता, तो दोन पावलांत बाहेर आला. दादाला ताईने फक्त “दादा, शाफ्ट आहे खाली” एवढंच म्हटलं. त्याचा चेहरा उतरला, एक शब्द न बोलता तो उताराला हात टेकत वर आला. राहिले काका.

“काका, जागेवरून उठू नका. मी सांगते तसं करा.”

“अगं, बसू दे ना पाच मिनिटं. गुडघे बोलायला लागलेत.”

“काका, खाली विहीर आहे.”

“कुठली विहीर? गवत आहे बघ चांगलं.” आणि त्यांनी बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटून दाखवली.

त्या दोन ठोक्यांचा आवाज मी विसरलेलो नाही. पोकळ होता असं आता सगळे म्हणतात. मला तसं खात्रीने सांगता येणार नाही. पण काठावरचे दहा जण एकदम गप्प झाले.

यापुढे साधारण चार मिनिटं ताई समजावत राहिली. वाफ दाखवली, नेचा दाखवला, कारण सांगितलं. काका ऐकत होते, मान डोलवत होते आणि बसून होते. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर ‘उठा’ म्हणायचं तिच्या जिभेवर येईना आणि एका बाईच्या सांगण्यावरून घाबरल्यासारखं दिसायचं काकांना नको होतं. दोघंही एकमेकांचा मान राखत होते, तोही कुजक्या लाकडावर. मी मागे फोन धरून उभा होतो आणि मीही काही बोललो नाही. मी त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनीच लहान आहे, माझं त्यांनी ऐकलं असतं. हे मला घरी आल्यावर सुचलं.

शेवटी नात काठाशी आली, कोरड्या मोज्यांतला हात पुढे केला आणि म्हणाली, “आजोबा, मला भीती वाटतेय. या ना.” काका लगेच निघाले. ताईने त्यांना उभं राहू दिलं नाही. बसल्या बसल्या, हात मागे टेकत, बूड सरकवत ते उताराला लागले; वजन जितकं पसरेल तितकं बरं. वर आल्यावर पँट झटकत म्हणाले, “इतका बाऊ कशाला!” आणि मग, “माझी बॅग.”

बॅगेचं प्रकरण

बॅग चपट्या दगडाशी राहिली होती. ताई म्हणाली, राहू दे. आधी सगळ्यांनी मान्य केलं. मग कळलं की बॅगेत काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि एका गाडीची किल्लीसुद्धा. चार गाड्यांपैकी एकीची.

आमचं जे काही बिघडलं ते इथे बिघडलं. खळग्यातली माणसं बाहेर काढताना ताईने वीस सेकंदांत चार पर्याय तोलले. बॅगेसाठी एकही तोलला गेला नाही. सगळे एकदम बोलू लागले, धोका टळल्याचा एक उत्साह चढला होता, आणि विद्यार्थी आधीच दोन ट्रेकिंग पोल पट्ट्याने एकमेकांना बांधत होता. ताई आधी “नको” म्हणाली, मग “थांबा”, मग “बरं, पण आडवा हो”. तो उतारावर पालथा झोपला, दादाने आणि आणखी एकाने त्याचे घोटे धरले, आणि त्याने पोलच्या टोकाने बॅगेचा पट्टा ओढला.

पट्टा आला, बॅग आली, आणि बॅगेसोबत चपट्या दगडाशेजारचा नारळाएवढा धोंडा कलंडला. तो गवतावरून घरंगळला आणि दोन दगडांमधल्या फटीत, जिथून वाफ येत होती तिथे, नाहीसा झाला. टक्. मग थोडं थांबून टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून, पाण्यात पडल्यासारखा, एक जाड आवाज.

मोकळा पडणारा दगड दोन सेकंदांत वीस मीटर जातो. हा भिंतीला आपटत गेला, त्यामुळे हिशेब लागत नाही. पण दोन सेकंदांपेक्षा बरंच जास्त लागलं होतं.

विद्यार्थ्याचं डोकं त्या फटीपासून दीड मीटरवर होतं. घोटे धरणारे दोघे बर्फाच्या उतारावर उभे होते, म्हणजे तो घसरला असता तर त्याला धरायच्या बेतात तेही घसरले असते. जमीन खचते तेव्हा ती फक्त विहिरीच्या तोंडापुरती खचत नाही, कडांसकट नरसाळ्यासारखी आत येते. तिघंही त्या नरसाळ्यात होते. गोळ्या एका दिवसाच्या होत्या. काकांनी त्या रोज रात्री घ्यायच्या असतात हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. किल्लीच्या गाडीतल्या तिघांना उरलेल्या तीन गाड्यांत बसवता आलं असतं.

परिणाम

एक चाळीस झाले होते. ताईने तिथेच ठरवलं की पूर्ण वाट सोडायची. गोठ्याकडे न जाता पायवाटेने मागे, मग डांबरी गल्लीने गाव; एकूण साडेसात किलोमीटर. हा निर्णय तिने कुणाला विचारून घेतला नाही आणि कुणी कुरकुर केली नाही. निघण्याआधी तिने एकेकाला हात लावून तेरा मोजले.

खाणं गल्लीतल्या बांधाआड, उभ्याउभ्या. इथे ताईला आणखी एक गोष्ट आठवली: आम्ही सगळे शिशाच्या ढिगाऱ्यांना हात टेकून आलो होतो. डर्बीशायरच्या बोलीत शिशाच्या विषबाधेला ‘बेलँड’ असा खास शब्द आहे, आणि अशा जमिनीवर चरणारी गुरंही त्याने दगावत. एका दिवसात कुणाला काही होत नाही, पण माती लागलेल्या बोटांनी खाऊ नये, लहान मुलांनी तर नाहीच. पिण्याच्या पाण्याने सगळ्यांचे हात धुतले, हातमोजे काढून पिशवीत घातले. तीन वीसला गाड्यांपाशी, उजेड असताना.

ताईने त्याच संध्याकाळी जागेचे ग्रिड आकडे लिहून काढले आणि जमीनमालकाला कळवलं. शेतकऱ्याचं उत्तर दोन दिवसांत आलं. वडिलांनी तिथे स्लीपर टाकल्याचं त्याला आठवत होतं; कधी ते सांगता येत नव्हतं, पण तेव्हा तो शाळेत होता, आणि आता त्याची नातवंडं शाळेत आहेत. महिन्याभरात खळग्याभोवती खांब आणि तार लागली.

काकांनी आठवडाभर ताईशी बोलणं जेवढ्यास तेवढं ठेवलं. मग एके दिवशी फोन करून बाकी काही न बोलता पुढचा वॉक कधी आहे एवढंच विचारलं.

वेगळं काय करता आलं असतं

वारा नको म्हणून आम्ही खळग्यात गेलो. वाऱ्यावरचं उत्तर ताईच्या बॅगेत तळाशी होतं: ग्रुप शेल्टर, म्हणजे नायलॉनची एक मोठी पिशवी, माणसं गोल बसून डोक्यावरून ओढून घेतात आणि पाच मिनिटांत आत ऊब येते. सहा जणांची होती आणि आम्ही तेरा, म्हणून ती ‘अपघातासाठी’ राखून ठेवलेली. पायवाटेवरच नात, काका आणि आणखी चौघांना तिच्यात बसवलं असतं तर कुणी जागा शोधायला गेलंच नसतं. आता गटात अशा दोन असतात, आणि त्या सगळ्यांत वर.

रांग तुटणं. मूल गारठलं म्हणून लीडर मागे आली हे बरोबरच होतं, पण पुढच्यांना ‘थांबा’ सांगायचं राहिलं. ते काम माझंही होतं, शिट्टी माझ्याही गळ्यात होती. सहा फुंका म्हणजे संकट हे आम्हाला पाठ होतं. एक लांब फुंक म्हणजे ‘आहात तिथे थांबा’ असं काही आम्ही ठरवलेलंच नव्हतं. आता ठरवलंय.

नकाशावर विश्वास किती? जुने शाफ्ट आणि बंद खाणी त्यावर दाखवलेल्या असतात, ताईने त्या पेन्सिलने गोलही केल्या होत्या. आमचा खळगा त्यांत नव्हता. नकाशावर विहीर आहे म्हणजे ती आहे. नकाशावर नाही म्हणजे काहीच कळत नाही. रेकवर सरळ नियम बरा: ढिगाऱ्यांच्या पट्ट्यात वाट सोडायची नाही, लघवीला सुद्धा. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय, कारण लोक वाट सोडतात ते बहुतेकदा त्याचसाठी, आणि सभ्य सूचनांमध्ये ते कधीच नसतं.

गाडीतळावरची पाच मिनिटं उशिराच्या दिवशी सगळ्यात आधी कापली जातात. ताई आता ती कापत नाही, पण लांबवतही नाही. तीन वाक्यं: वाट कुठे सोडायची नाही, लीडरच्या पुढे कोण जाईल, आणि ‘उठा’ म्हटलं की आधी उठायचं, कारण नंतर विचारायचं. तिसरं वाक्य म्हणताना ती मोठ्या मंडळींकडे बघते. हे गाडीतळावर सगळ्यांसमोर, कुणाचाच पाणउतारा न होता ठरून जातं, आणि मग डोंगरावर कुणाला कुणाचा मान राखत बसावं लागत नाही.

बॅगेबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. दादा म्हणतो, पालथं झोपून, धरून, नीट केलं होतं. विद्यार्थी म्हणतो, आलीच ना बॅग. मी आणि ताई एका बाजूला. तिने मला सांगितलं की माणसं बाहेर आल्यावर तिच्या मनाने प्रकरण मिटवून टाकलं होतं, आणि त्यामुळे बॅग तिला धोका न वाटता किरकोळ काम वाटली.

फोटोंच्या वेळा जुळवताना विद्यार्थ्याचा तो एक फोटो मी बराच मोठा करून पाहिला. बारा अठ्ठेचाळीसचा. हिरवळीवर काका, उतारावर दादा, दोघंही हसतायत. काकांच्या उजव्या खांद्यामागून एक पांढरट रेघ वर गेली आहे. हा फोटो त्याच रात्री सगळ्यांना गेला होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘गरम चहा!’ आम्ही सगळ्यांनी ते वाचलं आणि अंगठे दाखवले. चहाचा थर्मास माझ्या बॅगेत होता, आणि मी तेव्हा साठ मीटर मागे होतो.